वाचकांचे प्रश्न: नववीचा कोर्स फॉर्म आणि कॉम्प्युटर सायन्सचं स्वप्न

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी आठवीत आहे, सप्टेंबरपासून हायस्कूल. शाळेने कोर्स निवडायचा फॉर्म पाठवलाय आणि तिला पुढे कॉम्प्युटर सायन्समध्येच मेजर करायचंय म्हणते, स्क्रॅचवर गेम बनवते, पायथन थोडंफार येतं. आम्ही दोघं भारतात शिकलो, आम्हाला बारावी आणि एन्ट्रन्स एवढंच ठाऊक. ग्रुपवर कोणी म्हणतं दहा-बारा एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) लागतात, कोणी म्हणतं समरमध्ये जॉमेट्री उरकून टाका, एकांनी तर हजारो डॉलर्सचा ऑनलाईन रिसर्च प्रोग्राम सुचवलाय. शाळेत एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स आहे पण एपी कॉम्प्युटर सायन्स ए (सीएस ए) नाही. काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, त्या रिसर्च प्रोग्रामला आधी हात जोडा. नववीच्या पोरीने पैसे भरून केलेला रिसर्च कसा असतो ते अॅडमिशनवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता फॉर्म. आपल्याकडे बारावीचं एक वर्ष जीव तोडून अभ्यास केला की मागचं सगळं माफ, इथे नववीपासूनची चारही वर्षं ट्रान्सक्रिप्टवर (कोर्स आणि ग्रेडची शाळेची नोंद) दिसतात, म्हणून पहिल्याच वर्षी सगळं अवघड घेऊन बी आणि सी आणण्यात काही शहाणपणा नाही. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त लक्ष गणिताकडे द्या, कोडिंगकडे नंतर. ती आत्ता अल्जिब्रा 1 करत असेल तर जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्रीकॅल्क्युलस असं करत बारावीला कॅल्क्युलसला आरामात पोचते, आणि ते पुरतं. समरमध्ये जॉमेट्री उरकायची घाई नको, कारण प्रूफ (सिद्धता) लिहायची सवय पहिल्यांदा तिथेच लागते आणि कॉलेजात डिस्क्रीट मॅथ (कॉम्प्युटर सायन्सला लागणारं प्रूफवालं गणित) समोर आलं की हुशार हुशार कोडर पोरं नेमकी तिथेच अडकतात. तिला स्वतःलाच गणित चढलेलं असेल, वर्गात कंटाळा येत असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल समरमध्ये करून पुढच्या कोर्सला जाऊ दे.

सीएस ए नाही म्हणून हळहळू नका. शाळेत जो कोर्सच नाही तो का घेतला नाही असं कॉलेज विचारत नाही, शाळेत काय काय मिळतं याचा प्रोफाईल शाळाच पाठवते. दहावीला प्रिन्सिपल्स घेऊ दे, त्यात स्वतःचा प्रोग्राम लिहून द्यायचा असतो आणि त्याला 30 टक्के मार्क असतात. सीएस ए म्हणजे जावा भाषेतलं प्रोग्रामिंग, ते तिला हवंच असेल तर अकरावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये ड्युअल एनरोलमेंटने (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स) होतंय का ते काउन्सेलरला विचारा. फिजिक्स घ्या, इंग्लिश चारही वर्षं नीट करा (कोड लिहिणारे पायलीला पन्नास, काय लिहिलंय ते दुसऱ्याला समजावणारे कमी). फॉरेन लँग्वेजमध्ये मराठी शाळेचं क्रेडिट काही डिस्ट्रिक्टमध्ये मिळतं, तुमच्याकडे मिळतं का तेही बघा.

अॅक्टिव्हिटीचं म्हणाल तर कॉमन अॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) दहाच जागा असतात आणि प्रत्येकीला 150 कॅरेक्टर, त्यात आठ क्लबांची नावं कोंबून काही उपयोग नाही. रोबोटिक्स टीम असेल तर उत्तम, गर्ल्स हू कोडचा (मुलींना कोडिंग शिकवणारी संस्था) क्लब असेल तर जाऊन बघू दे, पण एक तरी गोष्ट तिच्या डोक्यातून आलेली आणि दोन-तीन वर्षं टिकलेली हवी. एक उदाहरण देते, वाटलं तर घ्या. रविवारच्या मराठी शाळेतल्या लहान मुलांसाठी शब्दकोडं बनवायला सांगा. सोपं वाटतं ना? पायथनला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की उत्तर 5 येतं, आपण तर 3 अक्षरं म्हणतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळे मोजतो. ‘क्षि’ तर एकटंच 4 भरतं. मग चौकटीत अक्षर बसवायचं कसं? यावर पोरगी चार रविवार डोकं खाजवेल, युनिकोड (कॉम्प्युटरमध्ये अक्षरांना आकडे द्यायची पद्धत) म्हणजे काय ते वाचेल, स्वतःची युक्ती काढेल, मग छोटी मुलं ते कोडं सोडवताना भलतीकडेच बोट दाबतील आणि तिला परत सगळं बदलावं लागेल. एवढं झालं की निबंधात काय लिहू म्हणून रडायची वेळ येत नाही. आणि तिने हे केलं नाही, नुसते गेम बनवले तरी चालेल, फक्त मागे बसून तुम्ही बनवू नका 😀

एपी किती? तिची झोप शाबूत राहील तितक्या. आकडा मी देणार नाही.

प्रश्न: मुलगा दहावीत, कॅलिफोर्निया. युसाकोमध्ये (शाळकरी मुलांची प्रोग्रामिंग स्पर्धा) ब्रॉन्झ या पहिल्याच पातळीत अडकलाय, मित्र वरच्या गोल्डला गेले. ते सोडून एसएटीच्या (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) मागे लागू का? – एक बाबा

उत्तर: दादा, यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायचं असेल तर अॅडमिशनला ते एसएटी बघतच नाहीत, त्यामुळे सोडायचं कारण ते नको. हां, बाहेरच्या कॉलेजांचं वेगळं, एमआयटीने 2022 मध्ये परत सक्तीचं केलं. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजतं ते दहावी-अकरावीचे कोर्स धरून, म्हणजे तुमच्या मुलाचं मोजणीचं वर्ष आत्ताच चालू आहे, आधी ते सांभाळा.

ब्रॉन्झला भारी अल्गोरिदम लागत नाहीत, प्रश्न शांतपणे वाचून सांगितलंय तसं पायरीपायरीने करणं किंवा सगळ्या शक्यता तपासून बघणं एवढंच असतं. मुलं बहुतेक वेळा अडकतात ती घाईत, शेवटच्या टेस्ट केसला. जुने प्रश्न साईटवर फुकट आहेत, कागदावर आधी सोडवून मग टाईप करायला सांगा. आणि त्याला मुळात स्पर्धा आवडत नसेल, मित्र करतात म्हणून करत असेल, तर सोडू दे बिनधास्त, युसाको न करता सीएसला गेलेली पोरं ढिगाने आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, आधी दुसऱ्या मेजरला घुसू आणि मग सीएसला बदलून घेऊ ही आयडिया बर्कली किंवा वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी आता फार अवघड झालीये, तेव्हा अर्जात मेजर काय लिहायचं ते बारावी सुरू व्हायच्या आधीच्या समरमध्येच घरात बसून ठरवा.