वाचकांचे प्रश्न : सप्टेंबरातले सप्त, पॉम्पेईची हस्तिदंती मूर्ती आणि रोमचे प्लेबियन

प्राचीन रोमविषयी नागपूरकर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : सप्टेंबर या नावात ‘सप्त’ ऐकू येते. मग तो नववा महिना कसा? (एक विद्यार्थिनी, धंतोली)

आपण बरोबर ऐकले आहे. लॅटिन ‘सेप्टेम’ आणि संस्कृत ‘सप्त’ ही एकाच भाषाकुळातील भावंडे असून ‘ऑक्टो’ व ‘अष्ट’, ‘नोवेम’ व ‘नव’, ‘डेकेम’ व ‘दश’ यांचेही तेच नाते आहे. रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून मोजले जाई, त्यामुळे सप्टेंबर सातवाच होता. पुढे इ.स.पू. १५३ पासून कॉन्सल हे सर्वोच्च अधिकारी १ जानेवारीला पदभार घेऊ लागले, वर्षारंभ तेथे स्थिरावला आणि नावे मात्र जुनीच राहिली. अधिक महिना त्यांच्याकडेही होता. आपल्याकडे तो सूर्यसंक्रांतीच्या गणिताने ठरतो, तर रोममध्ये तो घालायचा की नाही हे पुरोहितमंडळ ठरवीत असे, आणि मित्राची कारकीर्द लांबवायला किंवा शत्रूची आखडायला या अधिकाराचा सर्रास उपयोग होई. हा घोळ निस्तरण्यासाठी ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे केले आणि पुढच्या वर्षापासून सौर पंचांग लागू केले.

प्रश्न : ‘पॉम्पेईच्या राखेत महाराष्ट्राची लक्ष्मी सापडली’ असा संदेश मोबाइलवर फिरत आहे. तो खरा मानावा काय? (एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

मूर्ती खरी आहे, पण ‘महाराष्ट्राची’ आणि ‘लक्ष्मी’ हे दोन्ही शब्द जपून वापरावेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील एका घरात १९३८ साली सुमारे पाव मीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आणि ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला आरंभी लक्ष्मी म्हटले गेले. परंतु अंगभर अलंकार आणि शेजारी दोन लहान सेविका असे तिचे रूप पाहता ती यक्षी असावी, असे आता अनेक अभ्यासक मानतात. मस्तकातून खाली गेलेले छिद्र पाहता ती पूजेची मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान मेजाचा आधार असावी.

महाराष्ट्राशी तिचे नाते जुळते ते जालना जिल्ह्यातील भोकरदनमुळे. तेथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलेल्या उत्खननात अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा अवशेष मिळाला, आणि धाराशिव जिल्ह्यातील तेरलाही तिच्याशी साम्य असलेली मूर्ती मिळाली आहे. मात्र पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे आणि ती लिपी वायव्य भारतातील आहे. कारागीर भोकरदनचा आणि खूण वायव्येकडील व्यापाऱ्याची, असेही असू शकेल. ‘असू शकेल’ याच्या पलीकडे मी तरी जाणार नाही.

मूर्ती कुठलीही असो, वाट मात्र निश्चित माहीत आहे. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, अवघड वाटांनी, भडोच बंदरात जात असे. उलट दिशेने इटलीचे मद्य, तांबे, कथील, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत. रोमचा लेखक प्लिनी याने भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो अशी तक्रार केली आहे. हा आकडा आपल्या पाठ्यपुस्तकांना फार प्रिय असला, तरी तो रोमच्या चैनीवर कोरडे ओढणाऱ्या लेखकाचा आहे, जकात कार्यालयाच्या वहीतला नव्हे, हे विसरू नये. शिवाय सोन्याची चर्चा करताना तेरच्या मातीच्या पदकांकडे दुर्लक्ष होते. रोमन नाण्यांचे ठसे घेऊन तेथील लोकांनी ती घडविली आणि गळ्यात घातली. ज्यांना खरे नाणे परवडत नव्हते, त्यांनाही त्याची हौस होती असे दिसते.

प्रश्न : बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनाच्या लेखनात रोमचे ‘प्लेबियन’ येतात. ते गुलाम होते काय? त्यांची स्थिती आपल्याकडील जातींसारखी होती काय? (एक वाचक, इंदोरा)

गुलाम नव्हेत. प्लेबियन हे रोमचे स्वतंत्र नागरिक होते. शेती करीत, सैन्यात लढत. मात्र धर्म आणि सत्ता पॅट्रिशियन या मोजक्या कुळांच्या हाती होती, आणि कर्ज फेडता न आलेल्या प्लेबियनाला सावकाराकडे बांधील राहावे लागे. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४९४ मध्ये त्यांनी हत्यार उपसले नाही. ते सरळ शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. लढायला माणसेच उरली नाहीत, तेव्हा पॅट्रिशियनांना नमते घ्यावे लागले आणि प्लेबियनांना त्यांचे स्वतःचे ट्रिब्यून हे अधिकारी मिळाले. ट्रिब्यूनच्या अंगावर हात टाकणे हा देवद्रोह मानला जाई.

जातीशी साम्य विचाराल, तर ते बेटीव्यवहारात सर्वांत ठळक दिसते. इ.स.पू. ४५०च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या बारा कोष्टकांच्या कायद्यात या दोन वर्गांमधील विवाहाला बंदी होती. पाचच वर्षांनी ती उठवण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधकांनी कोणती कारणे दिली ते इतिहासकार लिव्ही सांगतो : कुळांची सरमिसळ होईल आणि शकुन बिघडतील. ही भाषा आपल्या वाचकांना परकी वाटू नये. तरीही ठराव मंजूर झाला. रोमचा वर्गभेद आणि आपली जात यांतील अंतर मला येथे दिसते, कारण तेथील बंदी कायद्याने आली आणि कायद्याने गेली.

बाबासाहेबांचा मुद्दा याहून खोल आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात ते दाखवतात की, दोन कॉन्सलांपैकी एक प्लेबियन असण्याचा हक्क मिळूनही प्लेबियनांना स्वतःचा खंबीर माणूस तेथे बसविता आला नाही, कारण निवडलेला माणूस देवतेला मान्य आहे की नाही हे सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन होते. त्यांनी उदाहरण ग्रीसमधील डेल्फीच्या देववाणीचे दिले आहे. रोमच्या नित्याच्या कारभारात पक्ष्यांचे शकुन अधिक चालत. पण कळ कोणाच्या हाती होती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. कॉन्सलपद इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने खुले झाले, तर पुरोहित आणि शकुनवेत्ते यांच्या मंडळांत प्लेबियनांना प्रवेश मिळायला इ.स.पू. ३०० उजाडावे लागले. राजकीय हक्क आधी आणि धर्मसत्तेतील वाटा सदुसष्ट वर्षांनी, हा क्रम नीट लक्षात घ्यावा.

पुढे ट्रिब्यूनपदाला इतके वजन आले की पॅट्रिशियनांनाही त्याचा मोह पडला. ते पद फक्त प्लेबियनासाठी होते, म्हणून क्लोडियस नावाच्या उच्चकुलीन पुढाऱ्याने इ.स.पू. ५९ मध्ये एका प्लेबियन घराण्यात स्वतःला दत्तक देववले. दत्तकावरून भोसल्यांचे राज्य गेल्याची कथा नागपुरात सर्वांना ठाऊक आहे. येथे दत्तकामुळे पद मिळाले. क्लोडियसचा हा नवा पिता वयाने त्याच्याहून लहान होता.