वाचकांचे प्रश्न : लग्न ठरेपर्यंत गप्प राहू का?

प्रश्न : माझे वय २९ असून सोलापुरात चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. लहानपणापासून मी अडखळत बोलतो. 'प'ने सुरू होणारा शब्द आला की आवाजच फुटत नाही, म्हणून रिक्षावाल्याला 'पार्क चौक' न सांगता मी 'सात रस्ता' सांगतो आणि तिथून चालत येतो. व्यापाऱ्यांचे फोन सहकाऱ्याकडे देतो. सध्या घरी माझ्या लग्नाचे पाहत आहेत आणि 'मुलीकडे गेल्यावर फार बोलू नकोस, ठरेपर्यंत हे कळता कामा नये,' असे आईवडील बजावतात. मला ते पटत नाही, पण खरे सांगण्याचे धाडसही होत नाही. ताई, मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील पार्क चौकाचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण तुमचा खरा त्रास मला तिथे दिसला. 'पार्क' म्हणताना फार तर काही सेकंद गेले असते. ते टाळण्यासाठी तुम्ही सोलापूरच्या उन्हात पायपीट करता आणि ही पायपीट अडखळण्यामुळे नव्हे, तर ते लपवण्यामुळे होते. 'सात रस्ता' म्हणताच तुम्हाला हायसे वाटत असेल, पण त्याच क्षणी मनाची खात्री पटते की 'पार्क' हा शब्द खरोखरच धोक्याचा होता आणि आपण थोडक्यात बचावलो. त्यामुळे पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते. जोसेफ शीहान हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः अडखळत बोलत असत. ते या अवस्थेला हिमनगाची उपमा देत. लोकांना ऐकू येणारे अडखळणे म्हणजे पाण्यावर दिसणारा छोटासा भाग, आणि लाज, भीती, टाळाटाळ हा पाण्याखालचा प्रचंड भाग.

म्हणून माझा सल्ला कदाचित उलटा वाटेल : अस्खलित बोलण्याचा ध्यास तूर्त बाजूला ठेवा आणि लोकांसमोर उघडपणे अडखळायला शिका. चार्ल्स व्हॅन रायपर या वाणी उपचार तज्ज्ञाच्या पद्धतीत मुद्दाम अडखळण्याचा सराव असे, आणि त्यांना स्वतःलाही हाच त्रास होता. सुरुवात विश्वासातल्या मित्रापासून करा. मग नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन पंच्याची किंमत विचारा, कारण तो शब्द 'प'नेच सुरू होतो. छाती धडधडेल, तळहात ओले होतील, दुकानदार कदाचित तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. तरी शब्द बदलू नका आणि वाक्य अर्धवट सोडून निघू नका. धडधड वाढते तशीच ओसरतेही, पण तिथेच थांबल्याशिवाय हे अनुभवाला येत नाही. रिक्षा त्यानंतर, आणि फोन सर्वांत शेवटी, कारण समोरचा माणूस दिसत नसल्याने बहुतेकांना फोनच सर्वांत जड जातो.

आता लग्नाविषयी. मुलीपासून हे लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरेपर्यंत गप्प राहिलात तर ठरल्यानंतरही गप्पच राहावे लागेल, आणि ज्या घरात मोकळेपणाने बोलायचे त्याच घरात शब्द निवडून बोलण्याची वेळ येईल. पहिल्याच भेटीत, शक्यतो सुरुवातीलाच, 'मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ लागतो, पण मला तुमच्याशी बोलायचे आहे,' एवढे स्वतः सांगा. मध्यस्थाकरवी सांगू नका. तिने नकार दिल्यास दुःख होईल, हे मी नाकारत नाही. मात्र होकार आला तर तो तुम्हाला, तुमच्या बोलण्यासकट आलेला असेल.

मुलांना हे होईल का, असे ती विचारू शकते, तेव्हा उत्तर तयार असू द्या. सुमारे ५ टक्के मुले लहानपणी अडखळतात आणि त्यांतील बहुतेकांचे ते आपोआप थांबते. प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण १ टक्का उरते. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे आणि २०१० साली त्याच्याशी संबंधित काही जनुकेही सापडली. परंतु वडिलांना आहे म्हणून मुलाला होणारच, असे मुळीच नाही. आईवडिलांनाही हे समजावून सांगा. त्यांनी लहानपणी तुमच्या जिभेला वेखंड लावले असेल, कोणी धाकही दाखवला असेल. पण दोष जिभेत नव्हता, तसा तो त्यांच्या संगोपनातही नव्हता. तुमचे हसे होऊ नये, या काळजीपोटीच ते तुम्हाला गप्प बसवत आहेत, एवढे ध्यानात ठेवून बोला, म्हणजे वाद चिघळणार नाही.

या सगळ्यात वाणी उपचार तज्ज्ञाची सोबत जरूर घ्या. काही दिवसांत अडखळणे कायमचे घालवतो, अशी हमी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. पहिल्या भेटीतच विचारा : 'शब्द टाळण्याची माझी सवय मोडायला तुम्ही मदत कराल का?' बाहेर पडण्याआधीच भीतीने झोप उडत असेल किंवा मन खचत असेल, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. तिथेही सुरुवातीलाच सांगा की मला बोलायला वेळ लागतो.