गाडी बंद केली की व्हॅनमधला १२ व्होल्टचा फ्रिज बंद पडतो, पण बॅटरी चांगली दाखवते. फ्रिज बदलावा का?

फ्रिज बदलू नका भाऊ. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून फ्रिज शाबूत आहे असंच मला वाटतं.

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून ताडोब्याला आलात, मोहर्लीजवळ मुक्काम आहे. गाडी चालू असताना फ्रिज थंड करतो, इंजिन बंद केल्यावर तासा-दीड तासात टकटक करत थांबतो, पुन्हा लागतो, पुन्हा थांबतो. बॅटरीवर मीटर लावलं तर १२.४ व्होल्ट. आणि आत आईचं इन्सुलिन आहे, म्हणून घाई. मी भद्रावतीकडं गाड्यांचं वायरिंग करतो. उन्हाळ्यात असा फ्रिज घेऊन दर वर्षी कोणी ना कोणी येतंच, आणि बहुतेक वेळा दोष वायरमध्ये निघतो.

असं का होतं ते आधी सांगतो. कॉम्प्रेसरवर एक छोटं कंट्रोल युनिट असतं. बॅटरी पार मरू नये म्हणून ते व्होल्टेज कमी झालं की कॉम्प्रेसर बंद करतं. डॅनफॉसचा, म्हणजे आताच्या सेकॉपचा, बीडी मालिकेतला कॉम्प्रेसर असेल तर नेहमीची सेटिंग १०.४ व्होल्टला बंद आणि ११.७ ला पुन्हा चालू अशी असते. पण हे व्होल्टेज युनिट स्वतःच्या टर्मिनलवर मोजतं. बॅटरीवर किती आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता हिशेब करा. बॅटरी पुढं, फ्रिज मागं, अंतर समजा ६ मीटर. जाऊन-येऊन १२ मीटर वायर. बॉडी बांधणाऱ्यानं घरातल्या लाइटची १ एमएमची वायर ओढली असेल तर तिचा रोध साधारण ०.२१ ओहम. आमच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, कॉम्प्रेसर ५-६ अँपिअर घेतो. म्हणजे नुसत्या वायरीत सव्वा व्होल्ट गेला. गंजलेली अर्थ, म्हणजे मायनसची गाडीच्या पत्र्याला कसलेली जोडणी, आणि फ्यूजचा ढिला होल्डर मिळून अजून अर्धा. लोडवर बॅटरी १२.१ वर आली असेल तर फ्रिजपाशी उरले १०.३ च्या आसपास. युनिटनं बंद केलं. बंद झाल्याबरोबर करंट थांबला, वायरीतली घट संपली, टर्मिनलवर पुन्हा १२.४ आले, युनिटनं चालू केलं. ही तुमची टकटक. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा इंजिनवरचा डायनॅमो, १४ च्या आसपास देतो, त्यातून पावणेदोन गेले तरी सव्वाबारा उरतात, म्हणून तेव्हा तक्रार नसते.

म्हणून मीटर फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवर लावा, आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच आकडा बघा. बंद फ्रिजवर घेतलेल्या रीडिंगला काही किंमत नाही. मग लांब वायर घेऊन मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं फ्रिजच्या प्लसवर धरा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत हरवताहेत. तसंच मायनसचं करा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. मायनसला जास्त आलं तर अर्थचा बोल्ट शोधा. मागच्या वर्षी एका गाडीत तो रंगावरच कसला होता, खाली पत्रा गंजलेला. पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) लावली, आणि गाडी त्याच संध्याकाळी पुढं गेली. प्लसला जास्त आलं तर सरळ ६ एमएमची तांब्याची वायर बॅटरीपासून फ्रिजपर्यंत न जोडता एकसंध ओढा, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाका. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून फ्रिज चालवत असाल तर ते आजच बंद करा. स्प्रिंगच्या टेकणीवर एवढा करंट धरत नाही, प्लग वितळतो.

वर सांगितलेल्या डॅनफॉस-सेकॉप कॉम्प्रेसरच्या युनिटला छोटा एलईडी जोडता येतो. तो थांबून थांबून एकदा लुकलुकला तर व्होल्टेजचीच गोष्ट. पाच वेळा लुकलुकला तर युनिट तापलंय. मग फ्रिजच्या मागं हवा खेळू द्या, गाडी सावलीत लावा.

फ्रिजपाशी वायर नीट असूनही व्होल्टेज पडत असेल आणि बॅटरीवरही लोडला ११.८ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली. गाडी सुरू करायची बॅटरी रात्रभर फ्रिज ओढायला बनलेली नसते. पाण्याची बॅटरी असेल तर पाणी बघा, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी घालून खराब केलेल्या बॅटऱ्या मी मोजायच्या सोडून दिल्या.

मुक्कामाच्या ठिकाणी घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर बॅटरीचा चार्जर लावणार असाल तर आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. गावाच्या टोकाला, शेतातले पंप चालू असताना, ते बरंच खाली येतं आणि चार्जर नुसता लावलेला राहतो, भरत काहीच नाही. प्लग घातल्यावर गाडीच्या पत्र्याला झिणझिणी आली तर तत्काळ प्लग काढा. तिथली अर्थिंग तुटलेली आहे, आणि ओल्या पायानं कोणी दाराला हात लावला तर जीव जाईल.

हे सगळं व्हायला एक दिवस जाईल, तोवर इन्सुलिन. भद्रावतीला माठ कुठंही मिळेल. पाणी भरलेल्या माठात नाही, तर रिकाम्या माठात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि माठ वारा लागेल अशा सावलीत ठेवा. आमच्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळं माठ चांगला गारावतो. बर्फाला मात्र कुपी टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. किती दिवस असं चालेल ते आईच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

प्लसचा, मायनसचा आणि फ्रिजच्या टर्मिनलवरचा, असे चालू कॉम्प्रेसरवरचे तीन आकडे इथं लिहा. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी बघतो.