एलईडी सारखे उडतात म्हणून पुन्हा साठचा लट्टू लावावा का?

तुम्ही लिहिलंय: दारव्ह्याकडचं घर, वर टिना, वर्षभरात सात-आठ एलईडी गेले आणि वडील म्हणतात, "काढा हे, साठचा लट्टूच (साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब) बरा होता." नका काढू भाऊ. पण नवा बल्ब आणायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. ओळीने इतके बल्ब जातात तेव्हा दोष बहुतेक वेळा बल्बच्या बाहेरच निघतो.

पहिलं न्यूट्रल. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज (करंटच्या तारा) आणि एक न्यूट्रल (परतीची तार) गावात येते. ही न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, की दोन फेजमधलं ४०० व्होल्ट घराघरांत वेडंवाकडं वाटलं जातं. ज्या फेजवर भार कमी, तिथे २३० च्या जागी ३०० च्या वर जातं. ओळखायची खूण सोपी: तुमच्याकडे लाइट भगभगीत, पंखा सुसाट, आणि त्याच वेळी समोरच्या घरात सगळं मिणमिणतं. एकाच रात्री दोन-तीन बल्ब गेले असतील, शेजारच्याचा टीव्हीही गेला असेल, तर दुसरं काही शोधूच नका. मेअखेरच्या वादळानंतर हे हमखास होतं. डीपीचं काम लाइनमनचं. स्वतः चढू नका, गावातल्या हुशार पोरालाही चढवू नका. मात्र मीटरपासून बोर्डापर्यंतचा न्यूट्रलचा जोड वायरमनला उघडून बघायला सांगा. पीळ मारून वर पट्टी गुंडाळलेला जोड आतून काळा पडलेला असतो. तिथे नीट कनेक्टर लावून घ्या आणि मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडणारा) बसवा. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं बरेच जण सांगतात, पण ती जास्त करंटला पडते, जास्त व्होल्टेजला नाही.

दुसरं टिनाचं ऊन. एलईडीचा दाणा (उजेड देणारा बारीक ठिपका) सहसा लवकर मरत नाही. मरतो तो बल्बच्या मानेतला ड्रायव्हर, म्हणजे दाण्यांना सोसेल अशी वीज करून देणारं सर्किट, आणि त्यातही कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, मग टिनाला चिकटलेल्या होल्डरात काय असेल ते बघा. होल्डर दीड-दोन फूट खाली लोंबता घ्या, आणि बंद काचेच्या गोळ्यात एलईडी कोंडू नका. आठवडी बाजारात मेलेला दाणा शॉर्ट करून बल्ब पुन्हा पेटवून देतात. चालतो थोडे दिवस, पण ज्या गरमीने एक दाणा खाल्ला ती गरमी तिथेच असते.

वडिलांसाठी हिशेब. साठचा लट्टू रोज ५ तास जळाला तर महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट. चार पॉइंट धरले तर तीस युनिट वाचतात, आणि १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणून वाचतात ती महागडी युनिटं. लट्टूतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. उन्हाळ्यात ती कोणाला हवी? शिवाय सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज १६० वर आलं की लट्टूचा उजेड तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली उतरतो. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीला फरक पडत नाही.

म्हणून घेताना बल्ब किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते पाकिटावर वाचा. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. ९ वॅटला ८०० ते ९०० मिळायला हवेत. ठेल्यावरचा बिननावाचा बल्ब मी फुकटही घेणार नाही. बिल जपा, तारीख पेनाने बल्बच्या मानेवरच लिहा.

बटण बंद केल्यावरही बल्ब बारीक जळत राहतो असंही तुम्ही लिहिलंय. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. तसं असेल तर बंद दिव्याच्या होल्डरातही फेज असते. हे मात्र आधी दुरुस्त करा, हा जिवाचा प्रश्न आहे.

अंगणात पांढरा नको, ३००० केल्विनचा पिवळसर लावा. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच दिवा असतो, वर पिवळा लेप. त्या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पावसाळ्यात कपाशीतले पतंग त्याच निळ्यावर झेपावतात. पिवळसर दिव्यावर तुलनेने कमी येतात.

आणि घरात उरलेला साठचा लट्टू फेकू नका. कोंबडीची पिलं असतील तर त्यांना ऊब लागते, तिथे एलईडी काही कामाचा नाही. वायरमनलाही सिरीज लावून शॉर्ट शोधायला तो लागतोच.

न्यूट्रलचा जोड बघून झाला की रात्री आठला आणि पहाटे, दोन्ही वेळा मीटरपाशी किती व्होल्ट येतात ते मोजून इथे लिहा. पहाटे २६० च्या वर दिसलं तर तक्रार डीपीच्या टॅपची (ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) करावी लागेल, त्यात काय लिहायचं ते तेव्हा सांगतो.