निवड समितीवर पहिल्यांदाच बसताय?

उच्च शिक्षणावरच्या प्रबंधांतून उत्कृष्ट काम निवडायचं, तर प्रस्तावनेवर भाळू नका. ती बहुधा मार्गदर्शकांनी घासूनपुसून घेतलेली असते. आधी संशोधन पद्धतीचं प्रकरण उघडा. नमुना कसा निवडला, मुलाखतीला कोण नाही म्हणालं, प्रश्नावली कुठल्या भाषेत होती, हे तिथेच कळतं.

मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र फोर्टपासून पार सिंधुदुर्गापर्यंत. चर्चगेटजवळची दोन-तीन कॉलेजं पाहून कुणी ‘मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी’ म्हणून निष्कर्ष काढला असेल, तर समासात खूण करा. याउलट, सकाळची लेक्चरं आटपून कामावर पळणाऱ्या मुलींची गैरहजेरी कुणी हजेरीपट आणि लोकलच्या वेळा शेजारी ठेवून तपासली असेल, तर तो प्रबंध दोनदा वाचा. अशी नजर दुर्मीळ असते. मला ती जडजंबाल सिद्धान्तांपेक्षा मोलाची वाटते.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे असतील तर वर्ष बघा. हे सर्वेक्षण २०१०-११ पासून होतं आणि माहिती संस्था स्वतः भरतात. याचं भान विश्लेषणात दिसायला हवं. ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच विषयाचे जुने प्रबंधही चाळा, म्हणजे नवं किती ते उमगेल.

सफाईदार इंग्रजीला नकळत जास्त गुण पडतात. मराठीतला प्रबंध हाती आला की हे मुद्दाम आठवा. आपलाच विद्यार्थी स्पर्धेत असेल तर त्या चर्चेतून सरळ उठा. आणि निवड न झालेल्यांनाही दोन ओळी लिहून पाठवा, पुढचा लेख त्यांना त्यावरच बेतायचा असतो.