आर्टला जायचंय, पण नक्की कशाला?

प्रश्न : आम्ही कोरेगावचे. मुलगी बारावी सायन्सला आहे. इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला ए ग्रेड मिळाली तेव्हापासून मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टलाच जायचं म्हणून हटून बसलीय. तिचे पप्पा म्हणतात, चित्रं काढून काय दुकानाच्या पाट्या रंगवणार का? ते कॉलेज कसलं आहे, काय शिकवतात? सायन्स वाया जाईल का?

उत्तर : ताई, हा पाट्यांचा टोमणा आम्हीपण खाल्लाय, आमच्या चुलत्यांनी तर मला बरीच वर्षं पेंटर म्हणूनच हाक मारली. पण पप्पांना एक सांगा, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपये दिले आणि १८५७ ला मुंबईत हे स्कूल सुरू झालं ते मुळात हाताचं कसब असलेली माणसं तयार करायलाच, भिंतीवर टांगायची चित्रं नंतरची. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटवरची दगडी शिल्पं बघा, ती इथं शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगच्या डिझाईनची. इथलेच दुसरे शिक्षक ग्रिफिथ्स साहेब तर पोरांना घेऊन १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते, आणि त्यातल्या बऱ्याच पुढं लंडनला आगीत जळाल्या, अजूनही वाचताना जीव हळहळतो. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर इथंच शिकले आणि इथंच शिकवलं.

आता मुद्द्याचं. पाट्या म्हणजे आजचं अप्लाइड आर्ट, जाहिरात, पॅकिंग, अक्षरं, इलस्ट्रेशन. तो कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ ला निघाला आणि १९६१ पासून त्याचं वेगळं कॉलेज झालं, त्याच आवारात. पेंटिंग, शिल्प, टेक्सटाईल वगैरे जुन्या स्कूलमध्ये. बीएफए, म्हणजे इथली कलेची डिग्री, चार वर्षांची, बारावी कुठल्याही साईडची चालते, त्यामुळे सायन्सचं टेन्शन नको. पण जेजे जेजे करण्याआधी पेंटिंग का अप्लाइड हे तिला विचारा. मी नुसतं 'आर्ट' म्हणून फॉर्म भरला होता, आणि दुसऱ्या वर्षी कळलं की मला रंगापेक्षा अक्षरातच जास्त रस आहे, तोवर उशीर झालेला.

सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरची वस्तू बघून काढणं), मेमरी (आठवणीतून चित्र), डिझाईन असतं. पोरं तांब्यावरची चकाकी एकदम झकास काढतात आणि बूड मात्र पट्टीनं मारल्यासारखं सरळ, म्हणजे तांब्या टेबलावर बसतच नाही. तोंडाची गोलाई आणि बुडाची गोलाई दोन्ही नीट बघायची सवय लावा. मेमरीसाठी रोज एसटी स्टँडवर दहा मिनिटं नुसतं बसायचं, बघायचं, आणि घरी येऊन काढायचं.

आणि एका रविवारी तिघंही आपल्या साताऱ्याकडच्या औंधला जाऊन या. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांचं म्युझियम आहे, १९३८ चं, राजेसाहेब स्वतः चित्रं काढायचे. तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर या नावाजलेल्या इंग्रज शिल्पकाराचं शिल्पसुद्धा आहे. पप्पांना घेऊनच जा, आणि मुलगी कशासमोर जास्त वेळ उभी राहते ते लांबूनच बघा.