मेक्सिकोने कोल्ड्रिंकवर लावलेला २० टक्के कर अमेरिकेने कसा काढायला लावला?

तुमचा प्रश्न असा की २००२ मध्ये मेक्सिकोने कोल्ड्रिंकवर २० टक्के कर लावला आणि त्यावरून नाफ्टा करार (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार) धोक्यात आला असं वाचलं, तर एवढ्याशा कराने एवढं कसं होतं, आणि दुसऱ्या देशाच्या संसदेने लावलेला कर रद्द करून घ्यायला अमेरिकेने नेमकं काय केलं. मी कोल्हापूरला साखरेच्या एक्स्पोर्टच्या कामात आहे, त्यामुळे हे प्रकरण मी जरा चवीने वाचलेलं आहे. उत्तर लांब होणार, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, कर सगळ्या कोल्ड्रिंकवर नव्हताच. ज्या कोल्ड्रिंकमध्ये फक्त उसाची साखर आहे त्याला माफ, आणि दुसरं काहीही गोड टाकलं की २० टक्के. हे दुसरं काहीही म्हणजे कागदावर बीटाची साखर पण आली, पण खरा नेम होता मक्याच्या सिरपवर, ज्याला हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप म्हणतात. अमेरिकेत कोक पेप्सी वगैरे बहुतेक त्यावरच चालतं. मका स्वस्त, सिरप पातळ असल्यामुळे टँकरने येतं, विरघळवायची भानगड नाही, बॉटलिंगवाल्यांना सोयीचं.

आता हिशोब बघा. समजा बाटली ५ पेसोची आहे. साखरेऐवजी सिरप वापरून बाटलीमागे काही सेंटाव्हो (पेसोचे पैसे) वाचणार, आणि कर बसणार अख्ख्या बाटलीच्या किमतीवर, म्हणजे १ पेसो. अर्धी साखर अर्धं सिरप केलं तरी सुटका नाही, कारण माफी फक्त पूर्ण उसाच्या साखरेला. म्हणजे म्हणायला कर, पण काम बंदीचं. बॉटलिंगवाले सिरप सोडून साखरेकडे वळले आणि अमेरिकेच्या मकेवाल्यांचं हातातलं मार्केट गेलं. ग्वाडलाहारासारख्या ठिकाणी मेक्सिकोतच अमेरिकन मका आणून सिरप बनवणारे प्लांट होते, त्यांचीही तीच गत झाली.

पण मेक्सिकोच्या लोकांना हे सुचलं कुठून, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाफ्टा लागू झाला १ जानेवारी १९९४ ला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, अमेरिकेच्या संसदेत साखरवाल्या भागातल्या खासदारांची मतं पाहिजे होती म्हणून साखरेवर एक साइड लेटर, म्हणजे मुख्य कराराला जोडलेलं पत्र, झालं. करारात होतं की मेक्सिकोकडे जेवढी जास्तीची साखर असेल ती काही वर्षांनी अमेरिकेत जाईल. साइड लेटरमध्ये मुद्दा आला की जास्तीची म्हणजे किती? अमेरिका म्हणे उत्पादनातून साखरेचा खप वजा करा आणि वर सिरपचा खपही वजा करा. मेक्सिको म्हणे सिरपचा काय संबंध, साखरेपुरतं बघा. अमेरिकेच्या हिशोबाने मेक्सिकोत जितकं जास्त अमेरिकन सिरप खपणार तितकी मेक्सिकोची साखर अमेरिकेत कमी जाणार. म्हणजे अमेरिकेने तिकडे सिरप ओतायचं, आणि त्यामुळे तिकडे पडून राहिलेली साखर घ्यायचीही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्याच्या चेअरमनला हे दोन मिनिटांत समजेल आणि तिसऱ्या मिनिटाला तो मोर्चा काढेल.

मेक्सिकोने आधी कायदेशीर मार्ग बघितले. ९७-९८ ला सिरपवर अँटी डंपिंग ड्युटी (बाहेरचा माल पडेल भावात येतो म्हणून लावायचा जादा आयात कर) लावली, ती जागतिक व्यापार संघटनेत आणि नाफ्टाच्या पॅनेलसमोर, दोन्हीकडे टिकली नाही. मग साखरेच्या हिशोबाचं भांडण नाफ्टाच्याच लवादाकडे न्यायला २००० मध्ये पॅनेल मागितलं, तर अमेरिकेने पॅनेलवर माणसंच नेमू दिली नाहीत. हे मला आजही खटकतं. करार तुम्हीच केलात, भांडण मिटवायची सोय तुम्हीच लिहिलीत, आणि पंचच बसू देत नाही.

इकडे साखर कारखाने कर्जात बुडालेले, उसाचे पैसे थकलेले. सप्टेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते फॉक्स यांच्या सरकारने एका फटक्यात २७ कारखाने ताब्यात घेतले. कारखाने सरकारच्या गळ्यात, ऊसवाले शेतकरी व्हेराक्रूझसारख्या राज्यांत एकगठ्ठा मतं असलेले, फॉक्सच्या आधी सत्तेत असलेल्या जुन्या पीआरआय पक्षाशी बांधलेले, आणि संसदेत फॉक्सच्या पक्षाला बहुमत नाही. डिसेंबरमध्ये बजेटच्या करांचा गठ्ठा मंजूर होताना संसदेने हा २० टक्के कर त्यात घुसवला आणि १ जानेवारी २००२ पासून तो सुरू.

आता लॉबिंग. अमेरिकेने सुरुवातीला तेच केलं जे सगळे करतात, सरकारवर दबाव. आणि त्याला यश पण आलं! मार्च २००२ मध्ये फॉक्सने कर सप्टेंबर अखेरपर्यंत स्थगित केला. वॉशिंग्टनला वाटलं असेल झालं काम. पण मेक्सिकोची संसद सुप्रीम कोर्टात गेली, आणि जुलैमध्ये कोर्टाने सांगितलं की संसदेने लावलेला कर राष्ट्राध्यक्षाला असा बाजूला ठेवता येत नाही. कर परत चालू. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच, कारण त्या दिवसापासून मंत्र्यांशी कितीही बोला, जेवणं घाला, पत्रं पाठवा, उपयोग शून्य. मंत्री म्हणणार मला पटतंय हो, पण माझ्या हातात नाही, आणि ते खरंच होतं. आणि संसदेशी बोलायचं तर तिथे अमेरिकेच्या राजदूताने सांगितलं म्हणून ऊसवाल्यांविरुद्ध हात वर करणारा खासदार पुढच्या निवडणुकीत तोंड कुठे दाखवणार?

दुसरी अडचण अमेरिकेच्या घरातच होती, आणि ही बातम्यांत फार येत नाही. कर जावा म्हणून ओरडणारे कोण, तर आयोवा, इलिनॉय, नेब्रास्काचे मकेवाले आणि सिरप कंपन्या. आयोवाचे चक ग्रासली तर सिनेटच्या फायनान्स कमिटीचे अध्यक्ष, त्यांनी हा विषय शेवटपर्यंत लावून धरला. मेक्सिकोचं मागणं सोपं होतं, साखर घ्या, कर काढतो. पण साखर घ्यायला विरोध कोणाचा, तर फ्लोरिडा लुइझियानाचे ऊसवाले आणि मिनेसोटा नॉर्थ डकोटाचे बीटवाले, म्हणजे तेही अमेरिकनच, आणि त्यांची लॉबी मकेवाल्यांपेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणजे अमेरिकन डिप्लोमॅट मेक्सिकोत जाऊन जे मागत होते त्याची किंमत वॉशिंग्टनमधलेच दुसरे लोक द्यायला तयार नव्हते. दोन्ही देशांच्या इंडस्ट्रीवाल्यांनी आपसात बसून तोडगा काढायचाही प्रयत्न केला, जमलं नाही.

मग मार्च २००४ मध्ये अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली. केस सोपी होती खरं तर, बाहेरच्या मालाला देशातल्या मालापेक्षा जास्त कर लावायचा नाही हा गॅटचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ कराराचा, बेसिक नियम. मेक्सिकोने बचाव मात्र डोकं लावून केला. म्हणाले की अमेरिका नाफ्टा पाळत नाही, तिने तो पाळावा म्हणून आम्ही हा कर लावलाय, कायदे पाळून घेण्यासाठी गॅटमध्ये जो अपवाद आहे त्यात हे बसतं, आणि हे मूळ भांडण नाफ्टाचं आहे तर तुम्ही यात पडूच नका. ऑक्टोबर २००५ मध्ये पॅनेलने आणि मार्च २००६ मध्ये अपिलात दोन्ही मुद्दे फेटाळले. अपील बॉडीचं म्हणणं साधारण असं की दुसऱ्या देशाला करार पाळायला लावणं हे त्या अपवादात बसत नाही, तो अपवाद तुमच्या स्वतःच्या देशातले कायदे पाळून घेण्यासाठी आहे.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात अमेरिका केस जिंकली म्हणून कर गेला. मला नाही पटत. निकाल मार्चमध्ये लागला, पण गाडी हलली जुलै २००६ मध्ये, जेव्हा दोन्ही सरकारांनी एकमेकांना पत्रं देऊन समझोता केला. त्यात मेक्सिकोने कर रद्द करायचं मान्य केलं, आणि अमेरिकेने ऑक्टोबर २००६ पासूनच्या वर्षासाठी अडीच लाख टन मेक्सिकन साखर विनाशुल्क घ्यायचं मान्य केलं, तितकंच सिरप उलट दिशेने जाणार. वर १ जानेवारी २००८ ला दोन्ही बाजार पूर्ण उघडायचे हे नाफ्टात होतंच, त्यावर परत एकदा शिक्कामोर्तब. त्याच डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या संसदेने तो कर काढला आणि १ जानेवारी २००७ पासून तो संपला. निकालाने खासदारांना गावात सांगायला कारण दिलं (आम्ही काय करणार, जिनिव्हाचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, निकाल आहे) आणि कोट्याने ऊसवाल्यांना दाखवायला काहीतरी दिलं. नुसता निकाल असता तर मेक्सिकोने अजून एखादं वर्ष ओढलं असतं, आणि नुसता कोटा असता तर वॉशिंग्टनमध्ये साखरवाल्यांनी तो होऊ दिला नसता. २००८ जवळ येत होतं याचाही हात आहे, कारण जो दरवाजा दीड वर्षात उघडणारच आहे तो थोडा आधी उघडायला कोणी जीव देत नाही.

करार धोक्यात आला होता का? अख्खा नाफ्टा मोडला असता असं नाही, गाड्या, टीव्ही, भाजीपाला सगळं व्यवस्थित चालू होतं. पण साखर आणि सिरप एवढा भाग जवळजवळ बंद पडलेला.

हो, आणि मेक्सिकोला हे स्वस्तात पडलं नाही. सिरप कंपन्यांनी नाफ्टाच्या गुंतवणूकदारांच्या कलमाखाली थेट मेक्सिको सरकारवर वेगळे दावे लावलेले. एडीएम आणि टेट अँड लाइल यांना मिळून ३.३५ कोटी डॉलर, कॉर्न प्रॉडक्ट्सला ५.८४ कोटी, कारगिलला ७.७३ कोटी, व्याज वेगळं. हे निकाल २००७ ते २००९ मध्ये लागले, म्हणजे कर रद्द झाल्यावर. कर लावताना संसदेत कोणी हा हिशोब मांडला असेल असं वाटत नाही.

आज असंच प्रकरण झालं तर हा रस्ता तसा उपलब्ध नाही. जिनिव्हाच्या अपील बॉडीवर डिसेंबर २०१९ पासून पुरेसे सदस्यच नाहीत, नेमणुका अमेरिकेनेच अडवल्यात. आपल्याच साखरेचं बघा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने भारतावर एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) आणि निर्यात मदतीवरून केस केली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध लागला, जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून ते तिथेच पडलंय. आता दबाव सरळ टॅरिफच्या धमकीने येतो. जून २०२५ मध्ये ट्रम्पनी कॅनडाशी बोलणी तोडली, आणि कॅनडाने डिजिटल सर्व्हिसेस टॅक्सचा (बड्या ऑनलाइन कंपन्यांच्या कमाईवरचा कर) पहिला हप्ता घ्यायच्या आदल्या रात्री तो कर मागे घेतला. मेक्सिकोच्या वेळी पाच वर्षं लागली होती, इथे दोन-तीन दिवस.

साखरेचं पुढे काय झालं ते पण सांगतो. २००८ ला बाजार उघडला, मेक्सिकोची साखर खरंच भरपूर जायला लागली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या साखरवाल्यांनी अँटी डंपिंगची केस ठोकली. त्या डिसेंबरपासून मेक्सिकन साखरेला परत किमान भाव आणि कोटा लागला. मेक्सिकोला जाणारं सिरप तेवढं मोकळंच राहिलं.